चार मतं आणि एक चावीवाला

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कारखान्याच्या पत्र्यावर कुणीतरी निळ्या रंगानं लिहिलं, ‘पाणी नाही तर मत नाही’. ‘मत’मधला म आधी चुकला होता, तो पुसून पुन्हा काढलेला. कारखाना म्हणजे सोलापुरी अर्थानं कारखाना: पत्र्याची शेड, आत आठ यंत्रमाग, बाहेर सुताच्या बाचक्यांचा ढीग. राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका १५ डिसेंबर २०२५ ला जाहीर झाल्या होत्या. मतदान १५ जानेवारीला होतं. गल्लीतल्या पोरांनी त्याआधीच आपला जाहीरनामा काढला, असं म्हणायला हरकत नाही.

गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. नाव आणि प्रभाग लिहीत नाही, कारण पुढे पैशांच्या पाकिटांचा आणि पाण्याच्या मोटारींचा विषय येणार आहे. चाळीसेक घरं, मतदारयादीत दीडशेच्या वर नावं. घरात तेलुगू, दारात मराठी, चिडल्यावर दोन्ही. मी शेजारच्या गल्लीत राहतो. शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, आता निवृत्त आहे. ‘सर, एका मतानं काय होतं?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा आणि मी दरवर्षी पुस्तकातलं उत्तर द्यायचो. मागच्या बाकावरची पोरं गालात हसायची. त्यांचं हसू बरोबर होतं की माझं उत्तर, हे तपासायला ही गल्ली बरी वाटली. या गल्लीनं नऊ वर्षांत तिन्ही अवस्था बघितल्या: दाराशी नगरसेवक असण्याची, शहरात एकही नगरसेवक नसण्याची, आणि पुन्हा निवडायची वेळ येण्याची.

पाणी किती यापेक्षा पाणी किती वाजता

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. चार-पाच दिवसांनी पाळी येते. कागदावर बघितलं तर शहराला पाणी कमी नाही. ११७ टीएमसीचं उजनी धरण याच जिल्ह्यात आहे. तिथून थेट जलवाहिनी आहे, शिवाय भीमेत सोडलेलं पाणी टाकळीजवळ उचललं जातं आणि हिप्परग्याच्या तलावाचं थोडं मिळतं. दुसरी समांतर जलवाहिनी दिवसाला १७ कोटी लिटरची. तिच्या नावावर किती निवडणुका लढवल्या गेल्या, ते मोजायला वेगळी वही लागेल. पण धरणातून आलेलं पाणी टाकीत चढतं, टाकीतून गल्लीत उतरतं, आणि या शेवटच्या टप्प्यावर एक माणूस हातात लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरत असतो. तो चावीवाला. अमुक गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता आणि किती आटे उघडायचा, हे त्याच्या हातात.

आमची ही गल्ली लाइनीच्या शेंड्याला आहे. व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या दोन गल्ल्यांतल्या मोटारी घों घों करून ओढून घेतात, शेंड्याला करंगळीएवढी धार पोचते. ती सुद्धा तासाभरानं. पाणी संध्याकाळी आलं तर घरात चार माणसं असतात, भरून होतं. रात्री दोनला आलं तर बाई जागते. आणि दोनलाच येईल असंही नाही, म्हणून ती बारापासून जागते.

इथं एक हिशोब सांगतो. गल्लीतल्या एक अक्का विड्या वळतात. वय साठीकडे झुकलेलं, बोटं अजून मशिनसारखी चालतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं कापलेली पानं ओल्या फडक्यात. त्यांचा बरा दिवस म्हणजे हजार विड्या. ज्या रात्री पाण्यासाठी जागरण, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातशे. डुलकी लागते, पान उलटं गुंडाळलं जातं, विडी कारखान्यात माल दिला की छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघते. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. तेव्हा रात्रीच्या पाण्याचा दर कुणाला काढायचा असेल तर तो असा: पाळीला तीनशे विड्या. ‘पाणीप्रश्न’ या शब्दात हे काही दिसत नाही.

अण्णांचा ओटा

२०१७ च्या निवडणुकीत शहराचे २६ प्रभाग होते, त्यातले २४ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे, एकूण १०२ जागा. भाजपला ४९ मिळाल्या, बहुमताला तीन कमी, तरी सत्ता पहिल्यांदा त्यांच्याकडे आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. २६ नं भागलं तर एका प्रभागात सरासरी साडेछत्तीस हजार माणसं येतात. त्यांना नगरसेवक चार. चार असले की कामाला कुणीच नसतो, हा इथला सार्वत्रिक अनुभव. रस्त्याचं उद्घाटन असेल तर चौघांची नावं फलकावर, गटार तुंबलं तर ‘ते त्यांच्याकडं बघा’.

गल्लीचं नशीब एवढंच की चौघांपैकी एक जण दोन गल्ल्या सोडून राहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, पक्ष कुठलाही असो. सकाळी सातला ते ओट्यावर चहा पीत बसलेले असत. बायका कळशी हातात घेऊनच जायच्या, भरायला नाही, दाखवायला.

‘अण्णा, परत दोनला आलंय ओ.’

अण्णा चावीवाल्याला फोन लावायचे. आधी आईबहिणीचा उद्धार, मग ‘जेवलास का बे?’. दोन-तीन आठवडे पाणी संध्याकाळी यायचं. मग हळूहळू सरकत सरकत पुन्हा मध्यरात्रीवर जायचं. पुन्हा कळशी, पुन्हा ओटा.

हे मी नीट बघितलेलं आहे म्हणून सांगतो: अण्णांनी पाच वर्षांत या गल्लीला एक घागर पाणी जास्त दिलं नाही. ते त्यांच्या हातात नव्हतंच. त्यांनी घड्याळ हलवलं. आणि घड्याळ का हलवलं, तेही त्यांनी मला एकदा सांगितलं. मतमोजणी यंत्रागणिक होते, प्रत्येक उमेदवाराचा माणूस समोर बसून केंद्रवार आकडे उतरवून घेतो. अण्णांच्या खिशात तो कागद घडी घालून वर्षभर होता. या गल्लीच्या केंद्रावर त्यांना चांगली आघाडी होती. मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या केंद्रावर नव्हती. पलीकडच्यांचा फोनही ते उचलायचे, पण चहा संपल्यावर.

याला प्रतिनिधित्व म्हणायचं की वशिला? मी वर्गात पहिला शब्द शिकवत होतो. मतदान गुप्त असतं, हेही शिकवत होतो. तुमचं एकट्याचं मत गुप्त असतं हे खरं. पण गल्लीचं नसतं. आठशे-हजार माणसांच्या केंद्राचा आकडा उघडा पडतो आणि त्यावरून पाच वर्षांचे हिशोब ठरतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे कुठं लिहायचं, मला अजून सुचलेलं नाही.

मत होतं, पण नळाचं नव्हतं

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभागरचना कधी तीनची कधी चारची, असं करत करत निवडणूक लांबली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्यायचे आदेश दिले. तोवर कारभार प्रशासकाकडे. जवळजवळ चार वर्षं साडेनऊ लाखांच्या शहरात नगरसेवक नावाचा माणूस नव्हता.

मतदानानं फरक पडतो का, हे बघायचं असेल तर मतदान काढून घेऊन काय होतं ते बघावं. एरवी असा प्रयोग कुणी करू देत नाही. सोलापुरात तो आपोआप झाला.

या काळात लोकांनी मत दिलंच नाही असंही नाही. ७ मे २०२४ ला लोकसभेला दिलं, २० नोव्हेंबरला विधानसभेला दिलं. त्या मतांनी फरक पडला नाही असं म्हणायची सोयही नाही. २०१४ आणि २०१९ ला याच मतदारसंघानं माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांना पाडलं. २०१९ ला फरक १ लाख ५८ हजार ६०८ मतांचा होता आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार मतं होती. तो आकडा या शहरात चहाच्या टपरीवर सुद्धा पाठ आहे. २०२४ ला प्रणिती शिंदे ७४ हजार १९७ मतांनी निवडून आल्या. आणि सहा महिन्यांनी, ज्या शहर मध्यमधून त्या तीनदा आमदार झाल्या होत्या, तिथं भाजपचे देवेंद्र कोठे आले. दुसरीकडे शहर उत्तरमध्ये २००४ पासून विजयकुमार देशमुखच. म्हणजे एकाच शहरात एक वाडा मालक बदलतो आणि शेजारचा वीस वर्षं बदलत नाही.

पण यातला कुणीही चावीवाल्याला फोन करत नाही. खासदार दिल्लीतल्या निधीचं बोलणार, आमदार मुंबईतल्या. दोघांनी आपापली कामं शंभर टक्के केली तरी व्हॉल्व्ह कितीला उघडायचा, हा विषय त्यांच्या टेबलावर येत नाही. गल्लीकडे दोन मतं होती. नळाशी जोडलेलं तिसरं नव्हतं.

अण्णा ‘माजी’ झाले. पहिलं वर्षभर त्यांनी फोन केले, चावीवाल्यानं ऐकले. मग तो चावीवाला दुसऱ्या भागात गेला. नवा होता तो अण्णांना ओळखत नव्हता. अण्णांनी नाव सांगितलं, त्यानं ‘बरं’ म्हटलं, आणि पाणी दोनलाच राहिलं. त्यानंतर अण्णा सकाळी ओट्यावर बसेनासे झाले. मला वाटतं त्यांना लाज वाटली असावी. माणूस वाईट नव्हता.

तक्रार करायची सोय होती. फोनवर नोंद व्हायची, क्रमांक यायचा. पण अक्कांना क्रमांक नको होता, दार हवं होतं. ‘कुणाच्या दारात जायचं?’ हे वाक्य त्या चार वर्षांत मी जितकं ऐकलं तितकं कुठलंच ऐकलं नाही.

दुसरी बाजू लिहिली नाही तर खोटेपणा होईल. गल्लीत असेही लोक आहेत ज्यांना प्रशासकाचा काळ बरा वाटला. किराणा दुकानवाले मामा म्हणतात, ‘रस्ता झाला की ओ सर, चौघांचं भांडण न होता.’ झाला खरा. मोठं काम एका सहीनं होतं तेव्हा लवकर होतं. पण मामांच्या घरी बोअर आहे, हेही नोंदवून ठेवतो.

मारुतीच्या कट्ट्यावरची बैठक

पत्र्यावरच्या घोषणेनंतरच्या रविवारी मारुतीच्या देवळासमोर बैठक झाली. पंचवीसेक माणसं. मला ‘कायदा सांगायला’ बोलावलं होतं.

घोषणा लिहिणारा पोरगा युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंगला आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: कुणी मतच द्यायचं नाही, पेपरला बातमी येईल, अधिकारी पळत येतील. मी त्याला सांगितलं की आपल्याकडे निवडणूक वैध ठरायला किमान इतकं मतदान व्हावं, असा नियमच नाही. दीडशे जणांनी घरी बसायचं ठरवलं तर निकाल बाकीच्यांच्या मतांवर लागतो आणि तो तितकाच पक्का असतो. पोरगा म्हणाला, ‘मग नोटा.’ नोटाबद्दल इथं एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी सर्वांत जास्त मतांचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये ठरवलं की नोटा पहिलं आलं तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. पोरग्याचे डोळे चमकले. मग प्रभागाच्या आकड्याशेजारी गल्लीचा आकडा मांडला तेव्हा विझले.

एकानं मशिनचा विषय काढला. तो निघणारच होता, कारण मारकडवाडी आमच्याच जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातली. विधानसभेनंतर आपल्या गावचे आकडे पटले नाहीत म्हणून तिथल्या लोकांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. ज्या उमेदवाराला गावात मतं कमी दिसली म्हणून हे सगळं, ते उत्तमराव जानकर मतदारसंघातून निवडून आलेच होते. कट्ट्यावर यावर अर्धा तास गेला. कुणी म्हणे मशिनमध्ये गडबड, कुणी म्हणे जिंकलेल्यानं तक्रार केलेली पहिल्यांदा बघितली. मला त्यात वेगळंच दिसतं. उमेदवार जिंकूनही गाव स्वस्थ बसलं नाही, कारण त्यांना आपल्या गावचा आकडा हवा होता. मघाशी अण्णांच्या खिशातला जो कागद सांगितला, तोच. तो कागद चुकीचा असेल तर गाव पाच वर्षं चुकीच्या वहीत जातं, हे खेड्यातल्या माणसाला शहरातल्यापेक्षा लवकर कळतं.

मग पाकीट. हा विषय कुणी काढत नाही, तो मध्ये येऊन बसतो. एक जण म्हणाला, ‘चार मतं, चार पाकिटं. नळाचं आपण आपलं बघू. टँकर मागवू त्या पैशात.’ हसले सगळे. पण ज्यांच्या घरात आठवड्याचा पगार शनिवारी येतो आणि सोमवारी संपतो, त्यांच्यासाठी हा विनोद नव्हता. त्यांचा हिशोब मला चूक म्हणवेना. पाच वर्षांत मिळणारी दुसरी खात्रीची वस्तू कुठली, हे मी त्यांना सांगू शकलो नाही.

अक्का तोवर बोलल्या नव्हत्या. विड्यांचं सूप घरी ठेवून आल्या होत्या आणि मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांची बहीण कुंभारीच्या घरकुलात राहते. तो इतिहास इथल्या प्रत्येक विडी कामगाराला माहीत आहे. माकपचे नरसय्या आडम मास्तर २००४ नंतर विधानसभेची एकही निवडणूक जिंकले नाहीत. विडी कामगारांची दहा हजार घरं ते आमदार असताना २००६ मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते दिली गेली, आणि पुढे ते हरत राहिले तरी रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला नरेंद्र मोदींनी दिल्या. या माणसानं लाल झेंडा खाली न ठेवता दोन वेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांकडून घरं आणली. म्हणून पोरग्यानं अक्कांना डिवचलं, ‘तुमच्या बहिणीला घर मत देऊन मिळालं का? मोर्चानं मिळालं.’

‘मोर्चाला गेली म्हणून मिळालं,’ अक्का म्हणाल्या. ‘पण मोर्चात किती बाया हायत ते मोजणारा वर बसलेला होता, म्हणून मिळालं. त्याला भ्या मोर्चाचं नव्हतं बाबा. त्या बाया उद्या रांगेत उभारतील, त्याचं होतं.’

आणि मग, जरा थांबून, त्यांच्या धंद्यातलं: ‘कारखान्यात माल दिला की छाट बाजूला काढतेत. छाट मोजत नाहीत. फेकून पण देत नाहीत, फुकटात ठेवून घेतेत. आपण घरी बसलो की छाटात.’

या बोलण्यानंतर नियम सांगायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

ठरलं ते असं. मागणी एकच, आणि हलवता येईल अशी. ‘रोज पाणी द्या’ नाही, ते कुणीही देणार म्हणतं आणि कुणालाच देता येत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात व्हॉल्व्ह उघडायचा, आणि पाण्याच्या वेळी लाइनीवरच्या मोटारी बंद. वहीच्या कागदावर लिहून खाली सह्या. जो येईल त्याला एक प्रत द्यायची. इथं एक अडचण निघाली. मोटारी बंद म्हटल्यावर तीन-चार जण खाली बघायला लागले. शेंड्याच्या गल्लीतही सात घरांत मोटारी होत्या, त्यातल्या दोन घरांतले लोक वरच्या गल्लीला सर्वांत मोठ्यानं शिव्या द्यायचे. त्या रात्री बैठक संपली ती मोटारींवरून झालेल्या भांडणातच. कागदावर सह्या दुसऱ्या दिवशी झाल्या.

गड्ड्यातलं मतदान

१५ जानेवारी म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे, म्हणजे गड्ड्याचे दिवस. सोलापूरकर माणूस पुण्यात असो नाहीतर हैदराबादला, गड्ड्याला येतो. एरवी मतदानासाठी पुण्याहून कुणी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं नसतं. यंदा पोरं होम मैदानावरच्या पाळण्यांसाठी आणि भज्यांसाठी आलेलीच होती, आईनं सकाळी उठवून केंद्रावर पाठवली. लोकशाहीचं काम कधी कधी यात्रा करते.

मी गल्लीच्या यादीची प्रत घेऊन केंद्रापासून लांब एका टपरीवर बसलो होतो. सवय जात नाही. यादीचा घोळ नेहमीचा. एका घरातली आई या केंद्रावर आणि मुलगा दुसऱ्या शाळेत. तिघांची नावं सापडली नाहीत, त्यातली एक बाई वीस वर्षं मत देत आलेली. हे नाव मतदानाच्या दिवशी शोधून मिळत नसतं, यादी प्रारूप असते तेव्हा हरकत घ्यावी लागते. हे मी तीस वर्षं शिकवलं, आणि यंदा ती यादी लागली तेव्हा मी स्वतः बघायला गेलो नव्हतो.

चार जागा, चार मतं. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. चारही ठिकाणी काहीतरी दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही आणि लांब बीप वाजत नाही. अक्कांनी तीन बटणं दाबली आणि निघाल्या. केंद्राध्यक्षांनी हाक मारली, ‘मावशी, एक राहिलं.’ त्या परत गेल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, ‘चौथा कोण होता देव जाणे. निळा रंग बघून दाबलं.’ चार सदस्यांच्या प्रभागावर मी वाचलेल्या कुठल्याही लेखात इतकी नेमकी टीका नाही.

संध्याकाळपर्यंत यादीतल्या दीडशेच्या वर नावांपैकी एकशे दहाच्या आसपास माणसं जाऊन आली होती. घोषणा लिहिणारा पोरगाही. पाकिटं आली होती का? आली होती. कुणी घेतली, कुणी परत केली, आणि घेऊन कुणाला मत दिलं, हे मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

एकशे दहा मतांचं काय झालं

१६ तारखेला मोजणी झाली. शहरात भाजपला मोठं बहुमत मिळालं. आमच्या प्रभागात कोण आलं ते लिहिलं तर गल्ली ओळखू येईल, म्हणून सोडतो. एवढं सांगतो की चारही जागांवर फरक हजारांत होता. गल्लीनं एकमुखानं उलटं मत दिलं असतं तरी निकाल तसाच लागला असता.

जनजागृतीच्या फलकांवर मुंबईच्या गोष्टी असतात. २०१७ ला तिथल्या एका प्रभागात दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढून निकाल लागला. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभा ४८ मतांवर गेली. खरं आहे सगळं. पण या गोष्टी सांगून ‘तुमचं एक मत सरकार बदलू शकतं’ म्हणणं हे लॉटरीची जाहिरात करण्यासारखं आहे. ज्याला लागली त्याचा फोटो असतो. वर्गातली पोरं हसायची ती याच्यावर, आणि बरोबर हसायची. अक्कांच्या मतानं कुणी पडलं नाही की कुणी आलं नाही. त्यांचं मत केंद्राच्या आकड्यात गेलं, आणि आकडा कागदावर गेला.

तो कागद फेब्रुवारीत परत आला. नव्या नगरसेवकांपैकी एकाचा कार्यकर्ता गल्लीत फिरायला लागला, हातात छापील तक्ता. केंद्र क्रमांक, एकूण मतदान, ‘आपली’ मतं. या केंद्रावर त्यांना आघाडी नव्हती, थोडी पिछाडीच होती. मला वाटलं, झालं, गेलो आपण पलीकडच्या रस्त्याच्या रांगेत. पण तो म्हणाला, ‘साहेब म्हणाले, इथं मतदान बरंय. थोडं काम केलं तर पुढच्या वेळी हे केंद्र निघेल.’ जिथं लोक रांगेत उभे राहतात पण आपल्याला देत नाहीत, त्या केंद्राची त्यांना जास्त काळजी होती. जिथं लोक येतच नाहीत त्या केंद्रासमोर त्याच्या तक्त्यात काहीच खूण नव्हती. मी वाकून बघितलं.

सह्यांचा कागद त्याला दिला. आठवड्याभरात पाण्याची वेळ दहाची झाली. सहा ते नऊ नाही, दहा. मोटारींवर वरून काही कारवाई झाली नाही. गल्लीतल्या सातपैकी चार घरांनी मात्र स्वतःहून काढल्या, तीन अजून आहेत आणि कुणाच्या आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पाळी अजून पाचव्या दिवशीच. त्यात एका तासाचाही फरक नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाणी पावणेदोनला आलं. सकाळी अक्का आणि आणखी पाच बायका कळशा घेऊन नव्या नगरसेवकाच्या दारात गेल्या. तो झोपला होता. त्या पायरीवर बसून राहिल्या. अक्कांनी सूप बरोबर नेलं होतं, तिथंच विड्या वळत बसल्या. तासाभरानं तो बाहेर आला, फोन लावला, ‘करतो’ म्हणाला.

परत येताना पत्र्यावरच्या घोषणेसमोर अक्का थांबल्या. खाली कुणीतरी नगरसेवकाचा मोबाइल नंबर खडूनं लिहून ठेवला होता.

‘सहा जणी गेलो सर आज,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या पाळीला असंच झालं तर बारा जाणार.’

पुढच्या पाळीला पाणी साडेदहाला आलं.